एसी किती टनाचा, हे नंतर. आधी गच्ची बघा

नवतपा लागला की आमच्या वर्कशॉपचा फोन थांबत नाही, आणि बहुतेक फोनांवर प्रश्न एकच असतो: "ताई, दीड टनानं खोली थंडच होऊन नाही राहिली. दोन टनाचा घेऊ का?" विचारणारा माणूस कावलेला असतो. रात्रीची झोप झालेली नसते, घरात म्हातारी माणसं असतात, नाहीतर तान्हं मूल. त्याला लगेच उत्तर हवं असतं. मी उलट विचारते, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? "सगळ्यात वर" असं उत्तर आलं की माझा पुढचा प्रश्न असतो, गच्चीवर काय केलंय? इथे बहुधा समोरचा गप्प होतो. गच्चीचा आणि एसीचा काही संबंध असतो, हे त्याला फ्लॅट विकणाऱ्यानं सांगितलेलं नसतं आणि एसी विकणाऱ्यानंही नाही.

मी नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. वडिलांचं पत्र्याचे कूलर बनवायचं वर्कशॉप होतं, ते मी पुढे चालवते. आता त्यात एसी बसवण्याची आणि दुरुस्तीची कामंही आली. इतक्या घरांत शिरून, इतक्या छतांखाली घाम गाळून माझं मत पक्कं झालं आहे. विदर्भातल्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्याचा बंदोबस्त स्लॅबपासून सुरू व्हायला हवा, आणि त्या स्लॅबचा खर्च एकट्या वरच्या मजल्यावाल्याच्या माथी मारणं चूक आहे.

आधी टनाचा हिशेब. एक अमेरिकी टन बर्फ, म्हणजे सुमारे 907 किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात साडेतीन किलोवॉट. कंपन्या ही ताकद मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, आणि आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेलं असेल तर त्याच्याभोवतीची हवा त्याहूनही तापलेली. बाहेरचं तापमान जसं चढतं तशी यंत्राची ताकद उतरते आणि वीज मात्र जास्त लागते. म्हणजे आपल्याला गरज सर्वांत जास्त असते, नेमकं तेव्हाच यंत्राचं बळ सर्वांत कमी असतं. अशा वेळी यंत्र मोठं घेण्यापेक्षा त्याच्यावरचा भार कमी करणं शहाणपणाचं, कारण भार दर उन्हाळ्यात घराच्या अंगावर असतो.

हा भार येतो कुठून? बेसा भागातल्या एका चार मजली इमारतीतली वरच्या मजल्याची खोली सांगते. दहा बाय बाराची बेडरूम, दीड टनाचा चांगला पाच स्टारचा एसी, वर पीओपी नाही, उघडा स्लॅब. काका-काकू दोघंही सत्तरीच्या पुढचे. एसी 18 वर लावलेला, तरी काकू ओल्या टॉवेलनं मान पुसत बसलेल्या. मी रात्री नऊला गेले होते. एसीच्या तोंडाशी हवा 14 अंश निघत होती, म्हणजे यंत्र ठणठणीत. मग इन्फ्रारेड थर्मामीटर छतावर रोखला: 43 अंश. सूर्य मावळून दोन तास उलटलेले आणि छत अजून 43! काकूंना मी खुर्चीवर उभं राहू दिलं नाही, पण काकांनी खुर्चीवर चढून हात छताला लावला आणि लगेच खाली घेतला.

काँक्रीटचा हा स्वभाव आहे. दुपारी मे महिन्यातलं ऊन गच्चीच्या दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या जवळपास ओतत असतं. स्लॅब ते पीत जातो आणि काही तासांनी आत सोडायला लागतो. म्हणून वरच्या मजल्यावर संध्याकाळ दुपारपेक्षा वाईट जाते. त्या खोलीत हवा 27-28 पर्यंत आणायची म्हटली तर 43 अंशांचं छत खोलीत दर चौरस मीटरमागे शंभर वॉटच्या आगेमागे उष्णता सोडतं. खोली अकरा चौरस मीटरची. म्हणजे छताला हजार वॉटचा रूम हीटर उलटा टांगून तो रात्री दहापर्यंत चालू ठेवायचा आणि खाली एसी लावायचा, असा तो प्रकार. दीड टनातला जवळजवळ एक तृतीयांश टन तिथेच खर्ची पडतो. शिवाय एसी हवा गार करतो, पण तापलेल्या छताची झळ थेट अंगावर येत राहते. थर्मामीटर 27 दाखवतो आणि माणूस तरीही तळमळतो, याचं कारण हेच. 18 वर लावल्यानं ही झळ कमी होत नाही, फक्त बिल वाढतं. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे हे वरचे युनिट सर्वांत महाग पडतात.

त्या घरात नवा एसी घेतला नाही. गच्चीच्या भेगा भरल्या, पृष्ठभाग घासून धुतला आणि पांढऱ्या उष्णता-परावर्तक रंगाचे दोन हात दिले. पुढच्या मे महिन्यात त्याच वेळेला छत 36 होतं. तोच दीड टनाचा एसी आता 26 वर आणि सोबत पंखा मंद, एवढ्यावर काका-काकू झोपतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं की एसीचं तापमान एक अंशानं वर ठेवलं की विजेत सुमारे 6 टक्के बचत होते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचं तापमान 24 ठेवणं बंधनकारक झालं ते त्यासाठीच. पण 43 अंशांच्या छताखाली बसलेल्या माणसाला 24 वर समाधान माना म्हणणं निर्दयपणाचं आहे. आधी छत उतरवा, मग अंश वाढवायला सांगा.

आता खरा प्रश्न, खर्च कोणाचा? त्या इमारतीच्या बैठकीत मी स्वतः गेले होते. खालच्या मजल्यांवरच्या मंडळींचं म्हणणं होतं, उकाडा वरच्यांच्या घरात आहे, पैसे वरच्यांनीच द्यावेत. हे मला मुळीच मान्य नाही. पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपलं की हीच मंडळी वर्गणी काढतात, वॉटरप्रूफिंग करतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर पावसाच्या गळतीची दुरुस्ती, इतकंच काय, त्या गळतीनं वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही संस्थेनं आपल्या खर्चानं करायचं असं लिहिलं आहे. गच्ची सगळ्यांची, तिचं रक्षणही सगळ्यांनी करायचं, हे तत्त्व पाण्याला लागू होतं तर उन्हाला का होऊ नये? नागपुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, पण सामायिक गच्चीचा न्याय तिथेही तोच. त्यातही एक सांगते, पांढरा थर दिलेल्या गच्चीचं काँक्रीट दिवसा कमी फुगतं, रात्री कमी आक्रसतं, त्यामुळे भेगाही कमी पडतात. म्हणजे हा पैसा खालच्या मजल्याच्याही कामी येतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीला हा खर्च चांगल्या दीड टनाच्या एका एसीच्या किमतीच्या आत बसतो.

पैसे अजिबात नसतील तर चुना. चुना दोन-तीन पावसांत जातो, दरवर्षी द्यावा लागतो, पण काम करतो. हिरवी शेडनेट बांधायची असेल तर गच्चीपासून निदान कमरेइतकी उंच बांधा. फरशीवर पसरलेली नेट स्वतः तापते आणि खाली तापवते. सोलर पॅनेल बसवणार असाल तर उत्तम, वीज मिळते आणि गच्चीला सावलीही. पांढऱ्या रंगावर धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, म्हणून फेब्रुवारीत एकदा झाडून धुवायला हवं, हे मात्र कोणी करत नाही. आणि "हिवाळ्यात घर गारठेल" ही भीती आपल्याकडे सोडून द्यावी. डिसेंबरची थंडी चार-सहा आठवड्यांची, ऊन मार्च ते जून. ज्याला दोन्हीकडून सोय हवी त्यानं गच्चीवर दोन इंची इन्सुलेशनचा थर आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझॅक टाइल्स असं करावं; ते महाग आहे, पण नव्या बांधकामात आधीच धरलं तर परवडतं.

जुनी कवेलूची घरं बरी होती असं लोक उसासा टाकून म्हणतात. कवेलूंच्या फटींतून हवा खेळायची, खाली माळा असायचा, त्यामुळे ऊन थेट माणसापर्यंत पोचत नसे, हे खरं. पण दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणसं मिळत नव्हती, माकडं फोडायची, विंचू निघायचे. ती घरं गेली ती लोकांच्या इच्छेनं गेली. दुःख इतकंच की छप्पर बदलताना त्यातलं शहाणपण, ऊन आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी ठेवायचं, हे आपण सोबत आणलं नाही. आता तर माइव्हान पद्धतीच्या इमारतींत भिंतीही काँक्रीटच्याच येतात. पूर्वीची नऊ इंची विटांची पश्चिम भिंत यापेक्षा पुष्कळ बरी होती. माइव्हानच्या पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये संध्याकाळी पलंग भिंतीला लावून झोपता येत नाही, असं मला गिऱ्हाईक सांगतात तेव्हा मी त्यांना भिंतीबाहेर सावली करायला सांगते: छज्जा, वेल, बांबूची चटई, काहीही, पण बाहेरून. आतल्या पडद्यानं ऊन अडत नाही, ते काचेतून आत आलेलंच असतं.

कूलरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं आणि आज त्याची उगाच हेळसांड चालली आहे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याला कूलरइतकं योग्य यंत्र नाही. बाहेर 44 अंश आणि हवेत 15 टक्के आर्द्रता असेल, ताट्या नीट भिजलेल्या असतील, तर कूलरमधून 28 अंशांच्या आसपास हवा मिळते. तासाला साधारण पाच लिटर पाणी उडालं की हवेतून एका टनाएवढी उष्णता निघून जाते, आणि त्यासाठी पंखा-पंप मिळून वीज लागते दोनशे वॉटच्या घरात. शिवाय घरात सतत ताजी हवा. जुलैत आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की हाच कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा तो बंद करून टाकी कोरडी करावी, नाहीतर डेंगीचे डास होतात. मुंबई-कोकणात तर त्याचा उपयोगच नाही, तिथे हवेतलं पाणी काढणं हेच मुख्य काम आणि ते एसीच करू शकतो. तिथल्या लोकांनी उगाच मोठा एसी घेऊ नये. मोठा एसी खोली चटकन गार करून थांबतो, आणि दमटपणा तसाच राहतो.

कूलरचा सगळा खेळ हवेच्या वाटेवर आहे. बाहेरची कोरडी हवा ताट्यांतून आत आली पाहिजे आणि खोलीतली हवा समोरच्या दारा-खिडकीतून निघून गेली पाहिजे. आजच्या फ्लॅटमध्ये ही वाटच ठेवलेली नसते. स्लायडिंगची खिडकी अर्धीच उघडते, त्यात कूलरचं तोंड बसत नाही. बाहेर लोखंडी स्टँड लावायला सोसायटी मनाई करते. मग लोक कूलर खोलीच्या आत ठेवतात, दारं-खिडक्या बंद करतात आणि तासाभरात खोलीत घुसमट होते, अंग चिकट होतं. "कूलरनं काही होत नाही" म्हणून तो कूलर भंगारात जातो आणि कर्जावर एसी येतो. दोष कूलरचा नव्हता, खिडकीचा होता. आर्किटेक्टनं प्रत्येक बेडरूमला दीड-दोन फुटांचा एक पूर्ण उघडणारा झडपा आणि त्याबाहेर कूलर पेलेल असा छज्जा दिला, जवळ एक नळ काढला, तर मध्यमवर्गीय कुटुंबाचे कितीतरी हजार रुपये वाचतील. बिल्डरला त्याचा खर्च नगण्य आहे.

आणि एक हात जोडून सांगणं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बहुधा पाणी भरणारी बाई किंवा खेळता खेळता पत्र्याला हात लावणारं पोर. पाणी भरताना पिन बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. थ्री-पिनच लावा, आणि घराला अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. मीटरनंतर, करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारी घरं मी पाहिली आहेत; तो पडतो कारण कुठेतरी करंट गळतोय, आणि ती गळती उद्या कुणाच्या तरी अंगातून जाणार असते.

एसीवाल्यांसाठी थोडं. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, गिऱ्हाइकाचा नव्हे, ही सवय लावणाऱ्यांचा. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो संपत नाही. कमी झाला असेल तर गळतो आहे, बहुतेक वेळा फ्लेअरच्या जोडावर नाहीतर गंजलेल्या कॉइलला. गळती शोधून, ती बंद करून, व्हॅक्यूम पंप लावून मगच गॅस भरायचा असतो. पंप न लावता नुसता गॅस सोडणाऱ्या मेकॅनिकला परत पाठवा. आज बहुतेक एसींत असलेला आर-32 वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट आहे आणि थोडा ज्वलनशीलही आहे. तो दरवर्षी हवेत सोडणं परवडणारं नाही. दुसरं, आउटडोअर युनिट बंद डक्टमध्ये किंवा काच लावलेल्या युटिलिटी बाल्कनीत कोंबू नका. ते स्वतः फेकलेली गरम हवाच पुन्हा ओढतं. उंच इमारतींत एकाखाली एक युनिटं लावलेली असतात, खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याला स्लॅबही तापलेला, हवाही तापलेली मिळते.

या सगळ्यावर सरकारकडे कागद नाही असं नाही. केंद्राची इको निवास संहिता 2018 च्या डिसेंबरात आली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिनं घालून दिली आहे: दर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकामागे, 1.2 वॉट. आपला उघडा स्लॅब तीनच्या वर असतो, आणि दोन इंची चांगलं इन्सुलेशन घातलं तर तोच आकडा एकाच्या खाली येतो. मी ज्या नव्या इमारतींत एसी बसवायला जाते तिथे मला गच्चीवर वॉटरप्रूफिंगपलीकडे काही दिसत नाही. शेजारच्या तेलंगणानं 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणलं, सरकारी आणि व्यापारी इमारतींबरोबर मोठ्या निवासी इमारतींनाही ते लागू केलं. चंद्रपूर ओलांडलं की जे शक्य होतं, ते अलीकडे का होऊ नये? पावसाचं पाणी जिरवण्याची, सोलर वॉटर हीटरची अट घालून आपण बांधकाम परवाने देतोच. त्याच यादीत छताचा हा आकडा, कूलरची खिडकी आणि आउटडोअर युनिटची उघडी जागा या तीन गोष्टी घाला. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी गच्चीवर जाऊन बघा. आणि फ्लॅट बुक करणाऱ्यांनी टाइल्सचा रंग विचारण्याआधी बिल्डरला लेखी विचारावं, स्लॅबवर काय घालणार आहात?

आधीच बांधलेल्या इमारतींना परवान्याची वाट बघण्याचं कारण नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणून विषयाचं पत्र ऑगस्टमध्येच सचिवांकडे द्या, म्हणजे ठराव झाला की पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत, भेगा भरून रंगाचं काम होतं. एप्रिलमध्ये जाग आली तर रंगारीही मिळत नाही. पत्रात तक्रारीपेक्षा आकडा लिहा: या मे महिन्यात रात्री नऊला तुमच्या घरातलं छत किती अंश होतं आणि खालच्या मजल्यावरच्या घरातलं किती. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की सभेत वाद कमी होतो, हे मी पाहिलं आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर कोणत्याही बऱ्या एसी मेकॅनिककडे असतो. आमच्या वर्कशॉपमधून नेलात तर भाडं घेत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी परत आणून द्या. रांगेत आणखी लोक असतात.